मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ, मुंग्या, बधिरपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होते, मुंग्या येतात, हात फिरवला तर तेवढी कातडी आपली नाहीच असं वाटतं. ही तक्रार घेऊन फिजिओथेरपीला येणारे बहुतेकजण 'मला सायटिका आहे' असं आधीच ठरवून आलेले असतात. काहींच्या हातात कमरेच्या एमआरआयचं पाकीट असतं, काहींच्या कमरेला घट्ट आवळलेला पट्टा. पुष्कळदा तो पट्टाच त्रास वाढवत असतो. या दुखण्याचं वैद्यकीय नाव मेराल्जिया पॅरेस्थेटिका. यात जिवाला धोका नाही, पाय लुळा पडत नाही. पण वेळीच ओळखलं नाही तर माणूस महिनोन्महिने कण्याचे उपचार घेत राहतो आणि मांडी तशीच जळत राहते.

दुखतं नेमकं कुठे आणि कसं?

पँटच्या पुढच्या खिशात हात घाला. तळवा जिथे टेकतो तो भाग आणि त्याच्या बाहेरची बाजू, साधारण एवढाच हा पट्टा. कुणाला तळहाताएवढा, कुणाला कमरेखालून गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत. मांडीच्या आतल्या बाजूला, मागच्या बाजूला किंवा गुडघ्याखाली हा त्रास जात नाही. बहुतेकांना एकाच पायात होतो, काहींना दोन्ही.

वर्णनं ठरावीक असतात: मिरची लावल्यासारखी आग, करंट लागल्यासारखी चमक, मुंग्या, किंवा नुसताच बधिरपणा. एक तक्रार मात्र लोक सांगायला कचरतात, कारण कोणी विश्वास ठेवणार नाही असं त्यांना वाटतं. पातळ कपडा, पांघरूण किंवा शॉवरचं पाणी त्या जागी लागलं तरी सहन होत नाही, आणि तीच जागा चिमटा काढला तर नीट कळत नाही. ही मनाची समजूत नव्हे. इजा झालेली नस असंच वागते.

बराच वेळ उभं राहिलं की, चाललं की किंवा पाठीवर पाय लांब करून झोपलं की त्रास वाढतो. ओट्याशी पोळ्या लाटताना, लोकलमध्ये उभ्याने प्रवास करताना, शाळेत तासामागून तास घेताना जाणवतो. खुर्चीत बसलं की पुष्कळांना बरं वाटतं.

कोणती नस दबते आणि कुठे?

कमरेच्या मणक्यांतून, दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवरून, एक बारीक नस निघते: लॅटरल फेमोरल क्यूटेनियस नर्व्ह. ती ओटीपोटाच्या आतून पुढे येते आणि जांघेतल्या एका मजबूत पट्टीवजा बंधाखालून मांडीत उतरते. कमरेवर हात ठेवला की समोर बोटांना हाडाचं एक टोक लागतं. त्या टोकाच्या किंचित आतल्या बाजूला, बंधाखाली, या नसेला काटकोनाच्या जवळपास वळावं लागतं. दाराच्या फटीतून नेलेली वायर दार लावताना जशी दबते, तशी ती इथे दबते.

ही नस फक्त संवेदना वाहते. एकाही स्नायूला ती हलवत नाही. म्हणून या आजारात पायातली ताकद कमी होत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ओळख पटवताना तीच कामी येते.

ही वाट सगळ्यांच्यात सारखी नसते. काहींच्यात नस हाडाच्या टोकावरूनच, अगदी कातडीजवळून जाते. तोच पट्टा, तेवढाच घट्ट बांधून एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याची मांडी जळते, त्याचं एक कारण हे.

हा सायटिका नाही हे कसं ओळखायचं?

आपल्याकडे कमरेखाली काहीही दुखलं की 'सायटिका' म्हणायची सवय आहे. सायटिकाची कळ नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने उतरते, बहुधा गुडघ्याखाली पोटरीत किंवा पावलापर्यंत जाते. खोकताना, शिंकताना, पुढे वाकताना वाढते. मेराल्जियात यातलं काही नसतं.

खरा गोंधळ एमआरआयमुळे होतो. चाळिशीनंतर कधीही कंबर न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे चकती, थोडीफार फुगलेली दिसतेच. अहवालात बहुधा चौथ्या-पाचव्या मणक्यामधली किंवा पाचव्याच्या खालची चकती असते. पण तिथे दबणाऱ्या नसा मुख्यतः पोटरीकडे आणि पावलाकडे जातात. जळजळ फक्त मांडीच्या बाहेरच्या बाजूला असेल तर तो अहवाल आणि ही जळजळ यांचा मेळ बसत नाही. अहवालातले शब्द वाचून धसका घेण्याआधी 'माझं दुखणं या पातळीशी जुळतं का?' एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

इतरही काही दुखणी इथेच येतात. खुब्याच्या बाजूच्या हाडावर दाबलं की दुखतं आणि त्या कुशीवर झोपता येत नाही, तर दुखणं बहुधा तिथल्या स्नायुबंधांचं किंवा त्यांच्याजवळच्या द्रव भरलेल्या छोट्या पिशवीचं. खुब्याचा सांधा झिजला असेल तर कळ जांघेत येते आणि मांडी घालून बसणं, मोजे घालणं अवघड जातं. वरच्या पातळीवरची चकती दबली असेल तर दुखणं मांडीच्या पुढच्या भागात येऊ शकतं, पण त्याबरोबर सहसा कंबर दुखते, गुडघा लटपटतो किंवा जिना चढताना ताकद कमी पडते.

हे होतं कशामुळे?

बाहेरून आवळणं आणि आतून दाब, ही दोन मोठी कारणं.

आवळणाऱ्या गोष्टी रोजच्याच असतात, म्हणून त्यांच्यावर संशय जात नाही. परकराची नाडी. सलवारीची किंवा पायजम्याची नाडी. पोटाखाली बांधलेला चामड्याचा पट्टा. लो-वेस्ट जीन्स. पोट आत दिसावं म्हणून घातलेला शेपवेअर. पोलिसांचा आणि सुरक्षारक्षकांचा जड पट्टा, सुतार किंवा इलेक्ट्रिशियन कमरेला बांधतात तो हत्यारांचा पट्टा, पैशांची कमरेला बांधायची पिशवी. पुढच्या खिशात कोंबलेला मोठा मोबाइल सुद्धा बसल्यावर नेमका तिथेच रुततो. करदोडा सहसा सैल असतो, पण वजन वाढल्यावर तोही कातडीत रुतलेला दिसतो.

परकराची नाडी बेंबीच्या पातळीवर असेल तर ती या नसेच्या बरीच वर राहते. पोट सुटलं, किंवा नेसायची पद्धत म्हणून नाडी खाली सरकली, की ती हाडाच्या टोकांवर येते. साडी जड असली की नाडी आणखी आवळली जाते. लग्नसराईत दिवसभर जरीची साडी नेसून उभं राहिल्यावर त्रास सुरू झाला, असं सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

बाळंतिणीचं पोट बांधण्याची रीत आहे, त्याबद्दलही सांगायला हवं. गर्भारपणात आधीच ताणलेल्या नसेवर घट्ट कापड बसतं. पोट बांधायचंच असेल तर खुब्याच्या हाडांवर ते रुतू देऊ नका.

आणि कंबरदुखीचा पट्टा. 'सायटिका' समजून दिलेला पट्टा खाली सरकून नेमका त्या नसेवर बसतो, त्रास वाढतो, म्हणून तो आणखी घट्ट बांधला जातो. हे चक्र तोडणं फार गरजेचं आहे.

आतला दाब म्हणजे वाढलेलं वजन, विशेषतः पोटावरचं, आणि गर्भारपण. क्वचित पोटात पाणी साठणं किंवा ओटीपोटातली गाठही कारण ठरते. हा त्रास कोणत्याही वयात होऊ शकतो, तरी तिशी ते साठीदरम्यान जास्त दिसतो.

मला मधुमेह आहे. त्याचा संबंध आहे का?

आहे, आणि बराच आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीत झालेल्या पाहणीत मधुमेह असलेल्यांमध्ये या आजाराचं प्रमाण इतरांच्या सुमारे सातपट आढळलं. साखर जास्त राहिली की नसा आधीच नाजूक होतात, मग थोडा दाबही त्यांना पुरतो. त्यामुळे तपासणी झाली नसेल तर साखर बघून घ्या. पुष्कळांना आपल्याला मधुमेह आहे हे माहीतच नसतं.

मात्र मधुमेहींमध्ये मांडी दुखण्याचं आणखी एक वेगळं कारण असतं. मांडीच्या पुढच्या भागात रात्री झोपू न देणारी कळ, काही आठवड्यांत मांडी बारीक होत जाणं, उठताना गुडघा वाकणं, वजन उतरणं. हा मेराल्जिया नव्हे. यासाठी मेंदू व मज्जातंतू तज्ज्ञांकडे लवकर जायला हवं.

गर्भारपणात सुरू झालं. बाळाला काही धोका?

बाळाला काहीही धोका नाही. शेवटच्या तीन महिन्यांत पोट पुढे येतं, कमरेचा बाक वाढतो आणि नस ताणली जाते. प्रसूतीनंतर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बहुतेकींचा त्रास आपोआप जातो. तोवर सैल कपडे, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, आणि फार वेळ उभं राहणं टाळणं एवढं पुरतं. गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

ऑपरेशननंतर मांडी बधिर झाली. काही चुकलं का?

तसं लगेच समजू नका. कण्याच्या ऑपरेशनमध्ये रुग्णाला तासन्‌तास पालथं ठेवतात, तेव्हा हाडाच्या टोकांवर दाब येतो. कोविडच्या काळात अतिदक्षता विभागात पालथं झोपवलेल्या रुग्णांमध्येही हा त्रास दिसला. खुब्याचा सांधा पुढच्या बाजूने बदलताना, हर्निया दुरुस्त करताना किंवा कमरेच्या हाडातून तुकडा घेताना नस ताणली जाऊ शकते. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना हे नक्की दाखवा. नुसत्या दाबाने झालेला बधिरपणा बहुधा हळूहळू भरून येतो.

कोणत्या तपासण्या लागतात?

नीट विचारपूस आणि हातांनी केलेली तपासणी, बहुतेकांना एवढंच पुरतं. डॉक्टर कापसाने आणि टोकदार वस्तूने बधिर भागाची सीमा शोधतात, मांडीची ताकद आणि गुडघ्याचा झटका पाहतात. दोन्ही नॉर्मल हवेत. हाडाच्या टोकाच्या आतल्या बाजूला बोटाने टिचकी मारली की मांडीत मुंग्या उतरतात, हीसुद्धा एक खूण.

एक चाचणी साधी आणि फार उपयोगी आहे. रुग्णाला चांगल्या कुशीवर झोपवून, दुखऱ्या बाजूच्या कमरेच्या हाडावर तळव्याने खाली सुमारे ४५ सेकंद दाब देतात. त्याने जांघेतला बंध सैल होतो. तेवढ्यात जळजळ कमी झाली तर निदान जवळपास पक्कं. दाब किती आणि कुठे द्यायचा हे जाणकारालाच कळतं, म्हणून घरच्यांकडून हे करून घेऊ नका.

शंका राहिली तर नसेची विद्युत तपासणी किंवा सोनोग्राफी करतात, अथवा नसेभोवती थोडं भुलीचं औषध देऊन पाहतात. एमआरआय लागतो तो कंबरदुखी, पायातली कमजोरी किंवा पोटात गाठ असल्याची शंका असेल तेव्हा. प्रत्येकाला नाही.

घरी सर्वांत आधी काय करू?

कंबर मोकळी करा. माझा अनुभव असा, की हा सल्ला फुकट असल्यामुळेच लोक तो गांभीर्याने घेत नाहीत. चार दिवस करून सोडतात. निदान चार ते सहा आठवडे नेटाने करा.

पुरुषांनी पट्ट्याऐवजी गॅलस वापरून पाहावेत किंवा पँट एक माप मोठी घ्यावी. बायकांनी परकराला नाडीऐवजी रुंद इलास्टिकचा पट्टा लावावा, किंवा नाडीची जागा रोज थोडी बदलावी. घरात असाल तेव्हा गाउन किंवा सैल कुर्ता बरा. गणवेशाचा पट्टा टाळता येत नसेल तर त्यावरचं वजन कमी करा, दर तासाला तो दोन मिनिटं सैल करा, आणि वरिष्ठांना द्यायला डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. मोबाइल आणि चाव्या खिशातून बॅगेत हलवा.

उभ्याचं काम असेल तर एक पाय छोट्या पाटावर ठेवा आणि थोड्या वेळाने पाय बदला. त्याने खुब्याचा ताण सुटतो. रात्री पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्या.

वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा यावरचा सगळ्यात टिकाऊ उपाय आहे. 'वजन कमी करा' हे ऐकून ऐकून माणूस वैतागतो, हे मला ठाऊक आहे. पण इथे आदर्श वजनापर्यंत जायची गरज नसते. पोटाचा घेर थोडा कमी झाला, पट्टा एक भोक आत आला, तरी पुष्कळांना फरक जाणवतो.

शेक द्यावा की बर्फ? मालिश चालेल का?

बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. ती किती गरम आहे हे तिथे कळत नाही आणि भाजून फोड येतात. मधुमेहींची अशी जखम लवकर भरत नाही. बर्फही कापडात गुंडाळून, थोडाच वेळ. विटेचा शेक, वाळूची पुरचुंडी, डाग देणं हे पूर्ण टाळा.

मांडीवर हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. पण जांघेत किंवा हाडाच्या टोकाशी दाबून 'नस मोकळी' करून घेऊ नका. दाबाने दुखावलेल्या नसेवर आणखी दाब देऊन ती मोकळी होत नाही.

व्यायाम आणि योगासनं?

पहिल्या आठवड्यांत खुबा मागे ताणणारी आसनं, म्हणजे भुजंगासन, धनुरासन, उष्ट्रासन, वीरभद्रासन, थांबवा. यांत नस ताणली जाते. सूर्यनमस्कारात मागे टाकलेल्या पायाचा ताणही टाळा. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून पोट हलकेच आत ओढणं आणि कंबर जमिनीला टेकवणं चांगलं. आग कमी झाली की खुब्याच्या पुढच्या स्नायूंचा हलका ताण फिजिओथेरपिस्टकडून शिकून सुरू करा. चालणं बंद करू नका, फेऱ्या लहान करा. पोहणं आणि सायकल बहुतेकांना सोसते.

गोळ्यांनी बरं वाटेल का? बी-१२ ची इंजेक्शनं घेऊ का?

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या जळजळीवर फारशा चालत नाहीत. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्या महिनोन्महिने घेणं घातक आहे. झोप मोडण्याइतका त्रास असेल तर डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन यांपैकी एखादं औषध देतात. ही औषधं नसेच्या वेदनेवरची आहेत. त्यांनी गुंगी येते, तोल जातो, म्हणून सुरुवातीला गाडी चालवू नका आणि वयस्कर माणसांना रात्री उठताना सांभाळा. बरं वाटलं म्हणून ती एकदम बंदही करायची नसतात. लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा पॅच किंवा मलम काहींना बरं पडतं.

बी-१२ कमी असेल तर ते जरूर घ्या. शाकाहारी लोकांत आणि बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ते कमी सापडतं. रक्त तपासून पातळी ठीक निघाली, तर इंजेक्शनांचा कोर्स करून दबलेली नस सुटणार नाही.

इंजेक्शन किंवा ऑपरेशन कधी?

कंबर मोकळी करून, वजनाकडे लक्ष देऊन, औषधं घेऊनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर सोनोग्राफीत बघत नसेभोवती भूल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. काहींना एकात बरं वाटतं, काहींना पुन्हा लागतं. स्टेरॉइडने मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, हे आधी बोलून घ्या.

ऑपरेशन फार थोड्यांना लागतं. त्यात नस मोकळी करतात किंवा कापून टाकतात. कापल्यावर वेदना जाण्याची शक्यता जास्त, पण तो भाग कायमचा बधिर राहतो. अनेक महिने आगीने हैराण झालेल्यांना तो सौदा मान्य असतो, पण निर्णय घाईने घेऊ नका.

किती दिवसांत बरं होतं?

दाब नुकताच सुरू झाला असेल तर काही आठवड्यांत. जुना असेल तर काही महिने. बहुसंख्य लोक ऑपरेशनशिवाय बरे होतात. आग आणि चमक आधी जाते, बधिरपणा मागे रेंगाळतो. त्याने काही बिघडत नाही. हा आजार नवा नाही. बर्नहार्ट आणि रोथ या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचं वर्णन केलं, आणि मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी खुद्द स्वतःच्या मांडीच्या या त्रासाबद्दल १८९५ मध्ये लिहिलं होतं.

कोणत्या लक्षणांवर घरी थांबायचं नाही?

लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, जननेंद्रियाभोवती आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. गरज पडली तर १०८ ला फोन करा.

पाय सुजून गरम झाला, ताप आला, अपघात झाला, कर्करोगाचा इतिहास आहे किंवा विनाकारण वजन उतरतंय, तर वाट पाहू नका. मांडीची ताकद कमी वाटली तरी लवकर दाखवा, कारण ते मेराल्जियात बसत नाही. जळजळ होणाऱ्या जागी पुरळ किंवा पाण्याचे फोड आले तर नागीण असू शकते. तिचं औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेलं चांगलं.

डॉक्टरांकडे जाताना काय तयारी करू?

आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. तपासणीच्या आदल्या दिवशी बधिर आणि जळणाऱ्या भागाची सीमा पेनाने मांडीवर आखा आणि मोबाइलवर फोटो काढा. शंभर शब्दांत सांगता येत नाही ते या आकृतीत दिसतं, आणि चार आठवड्यांनी पुन्हा आखलं की भाग लहान होतोय का तेही कळतं. त्रास कधी सुरू झाला, त्या सुमारास वजन, कपडे, काम किंवा पट्टा बदलला होता का, हे आठवून ठेवा. चालू औषधांची यादी न्या. आणि त्या दिवशी मुद्दाम सैल कपडे घालून जाऊ नका. रोजचा पट्टा, रोजची नाडी असू द्या, आणि ती सोडल्यावर कातडीवर वळ कुठे उठलाय तो डॉक्टरांना दाखवा.